चिमूट आणि पोतं

मी दातांची डॉक्टर आहे आणि आमच्या घरी उसाची शेती आहे. ही दोन वाक्यं एकापाठोपाठ सांगितली की ऐकणारा हसतोच. माहेर माझं साताऱ्याचं, यादोगोपाळ पेठेतलं. सासर वाळवा तालुक्यातलं आणि दवाखाना सांगलीत. माहेरी पाहुणा आला की कंदी पेढे, सासरी दिवाळी आली की कारखान्याची सभासदाची साखर. अशा गोडाच्या गराड्यात राहून मी वर्षानुवर्षं गोडाविरुद्ध बोलत आले. शाळांत बोलले, महिला मंडळांत बोलले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण घ्यायला गेले तिथेही बोलले. सांगणं एकच असायचं: सणाचं गोड बंद करा, आणि बंद करणं जमत नसेल तर निदान थोडं थोडं खा.

यातलं पहिलं मत मी सोडलं. दुसरं, ते ‘थोडं थोडं’वालं, मला आता पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतं. माझी जुनी भाषणं ऐकलेल्या बायका अजून भाजी मंडईत भेटतात आणि अभिमानाने सांगतात, “मॅडम, तुम्ही म्हणाला तसं आम्ही थोडं थोडंच खातो हं.” त्यांना तिथे मेथीची जुडी हातात धरून काय समजावणार? म्हणून हे लिहायला घेतलं.

माझ्या कडकपणाचा एक नमुना सांगते. मुलाचं बोरन्हाण होतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा आणि हलवा ओततात आणि भोवतीची पोरं त्यावर तुटून पडतात. अलीकडे त्यात गोळ्या-चॉकलेटंही घुसली आहेत. मी गोळ्या काढल्या, ते ठीकच होतं. पण हलवाही काढला आणि त्याच्या जागी तासगावचा बेदाणा ठेवला. नैसर्गिक, पौष्टिक, शिवाय आपल्या जिल्ह्याचा! सासूबाई काही बोलल्या नाहीत. बाळाच्या अंगावरचे हलव्याचे दागिने तेवढे त्यांनी उतरवू दिले नाहीत. बेदाण्यात वजनाच्या साधारण साठ टक्के साखरच असते आणि तो दाढांच्या खाचांत जाऊन बसतो, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत असणं आणि त्याचा विचार करणं यात किती अंतर असतं ते पाहा. पोरांनी बेदाणे मुठी भरभरून खाल्ले. हलव्याचे चार दाणे खाल्ले असते तर बरं झालं असतं.

त्या हलव्याकडे मी नीट पाहिलं ते फार नंतर. सासूबाई अजून घरी हलवा करतात. पौषातली थंडी लागते, पहाटेची वेळ लागते. परात मंद निखाऱ्यावर, त्यात तीळ, आणि चमच्याने थेंब थेंब सोडलेला एकतारी पाक. हाताची बोटं सतत फिरती ठेवायची. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटतात; आच वाढली की रंग जातो. एका बैठकीत तो होत नाही, काही दिवस रोज थोडा वेळ बसावं लागतं, तेव्हा कुठे दाण्याला काटा येतो. तिळाच्या जागी खसखस घ्या, साबुदाणा घ्या, कृती तीच. एवढा खटाटोप करून जे तयार होतं ते माणसाच्या तळहातावर किती पडतं? चिमूटभर. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांची चिमूट मोजली. दोन-तीन ग्रॅम भरली. संक्रांतीला आमच्या गल्लीत दहा घरी गेलं तरी पंचवीस-तीस ग्रॅमच्या वर हलवा पोटात जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला अंदाजे पन्नास ग्रॅमच्या आत. पाच टक्क्यांच्या, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर आणखी चांगलं. वर्षातल्या एका सणाच्या संध्याकाळी, दहा घरं पालथी घालून, आपण या दुसऱ्या, कडक मर्यादेच्या आसपासच असतो.

आता चहाचं गणित करू. कपाला दोन चमचे साखर. हा आमच्या भागात ‘कमी साखरेचा’ चहा समजला जातो. चमचा चार ग्रॅमचा धरा. दिवसाला चार कप म्हणजे बत्तीस ग्रॅम. वर्षाचे साडेअकरा किलो. एका माणसाचे. बिस्किटं, शीतपेयं, सॉस, ब्रेड यात धरलेलेच नाहीत. साताऱ्याचा अर्धा किलोचा पेढ्याचा खोका एखाद्याने एकट्याने संपवला, अगदी हावरटासारखा, तरी त्यातली साखर या साडेअकरा किलोंपुढे चिल्लर आहे. कंदी पेढ्यात तर इतर पेढ्यांच्या मानाने साखर कमीच असते. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्यातलं पाणी आटलेलं असतं, त्याची चव त्या भाजण्यात असते. आणि मी मात्र पेढ्याच्या खोक्याकडे बोट दाखवत होते आणि भाषण संपल्यावर आयोजकांनी दिलेला गोडमिट्ट चहा घेत होते.

दवाखान्यात मला रोज जे दिसत होतं तेही माझ्या भाषणाशी जुळत नव्हतं. दिवाळीनंतर माझ्याकडे गर्दी होते ती चकलीने तुकडा उडालेल्या दाढांची आणि कडक लाडवाने निखळलेल्या कॅपची. किडीची गर्दी तेव्हा होत नाही, कारण कीड महिनोन्महिने हळूहळू पोखरते, ती आठवड्यात होत नाही. खरी वाईट तोंडं वेगळीच. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणारं दोन-अडीच वर्षांचं पोर, ज्याचे वरचे पुढचे चारही दात काळे तुकडे होऊन राहिलेत. घसा बसतो म्हणून दिवसभर खडीसाखर गालात धरणारे मास्तर. गल्ल्यावर बसून वाटीतली गोड बडीशेप चिमूट चिमूट तोंडात टाकणारे दुकानदार. शाळेच्या वाटेवर रोज एक गोळी चघळणारी मुलं. ही गोळी बऱ्याचदा विकतही घेतलेली नसायची, दुकानदाराने सुट्टे नाहीत म्हणून हातावर ठेवलेली असायची. (फोनवरून पैसे द्यायची सोय आल्यापासून ही सुट्ट्यांची गोळी बरीच कमी झाली. दंतवैद्यकावर एवढे मोठे उपकार बँकांकडून होतील असं वाटलं नव्हतं.) यांतलं कुणीच फार गोड खात नव्हतं. सगळे थोडं थोडंच खात होते.

याचं कारण कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षालाच शिकवतात. साखर तोंडात गेली की दातांवरच्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तिथला पीएच साडेपाचच्या आसपास किंवा त्याखाली उतरला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं सुटायला लागतात. मग लाळ कामाला लागते, आम्ल धुऊन काढते, गेलेलं थोडंफार परत भरते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणजे एक पेढा एका बैठकीत खाल्ला तर आम्लाचा एक हल्ला. तोच पेढा चार तुकडे करून सकाळपासून रात्रीपर्यंत पुरवून खाल्ला तर चार हल्ले, आणि लाळेला श्वास घ्यायला उसंत नाही. साखर तेवढीच, नुकसान चौपट. पेढ्याचे चार तुकडे करणारी माणसं माझा सल्ला ऐकून तसं करत होती.

याच विषयावरचा स्वीडनमधला एक प्रयोग दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेला असतो. लुंडजवळच्या विपेहोल्म नावाच्या संस्थेत, 1945च्या सुमारास, मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीने साखर खायला घालून त्यांचे दात किती किडतात ते पाहिलं गेलं. काहींना जेवणातून साखर, काहींना गोड पाव, काहींना खास तयार केलेली चिकट टॉफी, जेवणांच्या मधल्या वेळात. त्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं, आणि त्यांचे दात मुद्दाम नासवले गेले. आज असा प्रयोग करणाऱ्याला तुरुंगात जावं लागेल, आणि जायलाच हवं. पण 1954 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते खोडून काढता आलेले नाहीत. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने, ती बऱ्यापैकी जास्त असली तरी, कीड फारशी वाढली नाही. मधल्या वेळात चघळलेल्या चिकट टॉफीने मात्र दातांची धूळधाण केली. त्यानंतर स्वीडनमध्ये पोरांना गोळ्या फक्त शनिवारी द्यायची रीत पडली. हव्या तेवढ्या खा, पण आठवड्यातून एकदाच.

हे मी वीस मार्कांना लिहिलं होतं. शनिवारच्या गोळ्या वाचून तेव्हा गंमत वाटली होती. आपल्याकडेही साखरेला वार आणि तिथी होती, हे डोक्यात आलं नाही.

ती तिथी कशी गेली तेही माझ्या सासरघराच्या चौकटीतच घडलं. सासूबाईंच्या लहानपणी हा जिल्हा दक्षिण सातारा होता. 1949 साली साताऱ्याचे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिणेकडच्या भागाला सांगली नाव मिळालं. कृष्णाकाठी तेव्हा गुऱ्हाळं होती. चहा गुळाचा, तोही सकाळचा. साखर रेशनची, डब्यात वर ठेवलेली, पाहुण्यासाठी. मग कृष्णेच्या दोन्ही काठांवर सहकारी कारखाने उभे राहिले, कालवे आले, उसाचं बिल घरात यायला लागलं. दिवाळीच्या तोंडावर सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळायला लागली. कार्ड घेऊन जायचं, ओळीत उभं राहायचं, पोतं घेऊन यायचं. ज्या साखरेसाठी सासूबाईंच्या आईला शेजारी वाटी घेऊन जावं लागे ती आता पोत्याने घरात, आणि तीही आपल्याच घामाची. पोतं घरात आलं की ते संपवावं लागतं. चहात दोनाचे तीन चमचे झाले, शिरा रविवारचा झाला, दुधात साखर, दह्यात साखर, आमटीतही चिमूटभर. यात कुणाची हाव नव्हती. पोरांना काही कमी पडू नये असं वाटणाऱ्या माणसांनी हे प्रेमाने केलं. मात्र सणाचा दिवस आणि साधा मंगळवार यांतला फरक पुसला गेला, आणि मग माझ्यासारखे लोक आले आणि म्हणाले, सणाचं गोड कमी करा.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला तिथे येते. मर्यादा म्हणजे मनावरचा ताबा, असं मी धरून चालले होते. डबा समोर आहे, माणसाने दोन खाऊन झाकण लावावं. लावता येत नसेल तर तो कमकुवत. माझ्या भाषणात ‘संकल्प’ हा शब्द बराच असायचा. पण आपल्या जुन्या गोडांकडे पाहिलं तर त्यांत खाणाऱ्याच्या मनावर कुणी भरवसा ठेवलेलाच दिसत नाही. तिळगूळ मागून घ्यायचा नसतो, समोरचा देतो तेवढा. सांगलीच्या गणपतीच्या देवळात प्रसाद तळहातावर पडतो तेवढाच; पुन्हा हात पुढे केला तर पुजारी पाहतात. खिरापतीचं खोबरं-खडीसाखर चिमटीने वाटतात. निकालाचा पेढा घरटी एक. मुलगा झाला तर पेढा आणि मुलगी झाली तर बर्फी, ही किडकी प्रथा मात्र मी बिनभुलीची उपटून काढेन. पण तिथेही घरटी एकच. प्रमाण खाणाऱ्याच्या हातात नव्हतं, देणाऱ्याच्या हातात होतं. आणि देणाऱ्याला पुढच्या दहा जणांना पुरवायचं असे, त्यामुळे त्याची चिमूट आपोआप आवरती असे. संकल्प वगैरे कुणाला करावा लागत नव्हता.

पाकिटातल्या बिस्किटांना देणारा नाही. फ्रिजमधल्या दोन लिटरच्या बाटलीला देणारा नाही. दिवाळीत कंपनीकडून आलेला मिठाईचा खोका टीव्हीसमोर उघडून ठेवला की त्यालाही कुणी देणारा उरत नाही; येता-जाता ज्याने त्याने उचलायचं. तोच काजूकतलीचा तुकडा कुणी ताटात वाढला तर एक खाल्ला जातो, उघड्या खोक्यातून पाच जातात, आणि पाच वेगवेगळ्या वेळी. मी इतकी वर्षं तुकड्याशी भांडत होते, खोक्याकडे पाहिलंच नाही.

जुनं ते सगळं शहाणं, असं माझं म्हणणं नाही. होळीपासून पाडव्यापर्यंत गळ्यात साखरेच्या गाठीची माळ घालून हिंडणारी पोरं आठवा. खरं तर गाठी गुढीला बांधायची आणि गुढी उतरल्यावर खायची. पण आमच्याकडे ती होळीलाच गळ्यात पडते आणि मग पोरगं येता-जाता एकेक पदक चाटत राहतं, माळ चिकट होते, तिला शाळेच्या शर्टाची लव लागते, तरी चाटणं चालूच. दंतवैद्याच्या दृष्टीने याहून वाईट रचना सुचणं अवघड. आजीच्या काळी हे चालून गेलं कारण बाकीचं वर्ष कोरडं जायचं. आता बाकीच्या वर्षाची खात्री नाही, तेव्हा गाठी पाडव्याच्या संध्याकाळीच द्यावी. मिश्रीचं तर बोलायलाच नको. गोड न खाणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या हिरड्या मी त्या तंबाखूने जळालेल्या पाहिल्या आहेत.

इथवर सगळं दातांच्या बाजूने झालं, आणि सोपं झालं. अवघड साताऱ्यात होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मधुमेही आहेत. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले, देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर, तेव्हा अण्णा वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले होते, “बरं झालं, एकटा नाही.” त्यांच्या पिढीचं साताऱ्याचं माणूस राजपथावरून फिरून येताना पेढा आणल्याशिवाय घरी कसं येणार? स्वीडनचा शनिवार मी अण्णांना सांगितला तर ते शनिवारी पाव किलो बसून खातील, आणि डॉक्टर मला फाडून खाईल. कारण दातांना वेळा मोजाव्या लागतात आणि रक्ताला ग्रॅम. दातांच्या हिशेबाने एका बैठकीत संपवलेलं बरं. रक्तातल्या साखरेच्या हिशेबाने एका वेळी जितकं कमी तितकं बरं. दोन्ही सल्ले खरे आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर येणारे.

यावर आमच्या घरी जी तडजोड निघाली तिचं श्रेय माझं नाही, वहिनीचं आहे. तिने खोका स्वतःच्या ताब्यात घेतला. सणाच्या दिवशी दुपारच्या जेवणात, भाकरी-भाजी-डाळ पोटात गेल्यावर, ती अण्णांच्या ताटात एक पेढा वाढते. एकच. डॉक्टरांनी त्याला मान्यता दिली, त्या दिवशी भात वगळायला सांगितला आणि जेवणानंतर चालायला. पोटात आधी भाजी, डाळ, दही असेल आणि पिष्ट-गोड शेवटी गेलं तर साखर एकदम चढत नाही, हे अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. चालण्यानेही ती उतरायला मदत होते. अण्णा घरीच बोट टोचून पाहतात. त्यांना असं आढळलं की सणाच्या दुपारचा तो पेढा त्यांच्या आकड्याला तितका धक्का देत नाही जितका सकाळी रिकाम्या पोटी चहात बुडवलेली खारी आणि दोन बिस्किटं देतात. खारी गोड नसते, म्हणून ती त्यांनी कधी गुन्ह्यात धरलीच नव्हती. हे एका माणसाच्या बोटावरचं आहे. इन्शुलिन घेणाऱ्याने किंवा साखर अचानक उतरणाऱ्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. पण मी अण्णांना गोड सोडा म्हणत होते तेव्हा ते चोरून खात होते. ताटात वाढायला लागल्यापासून कोटाच्या खिशात पेढ्याचा कागद सापडला नाही. वहिनी खिसे तपासते, मी नाही.

गूळ चालेल का, मध चालेल का, हे प्रश्न मला अजून रोज येतात. कराडपासून साताऱ्यापर्यंत हमरस्त्यावर गुळाच्या चहाची इतकी दुकानं झाली आहेत की गूळ औषध आहे असाच समज व्हावा. गुळात थोडी खनिजं असतात, चव असते, पण बाकी बहुतेक साखरच. मधातही चार पंचमांश साखर. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, मला त्याचा अभिमान आहे, तिथला मध मी आणतेही. पण चमचाभर मध हा चमचाभर गोडच. शुगर-फ्री पेढ्यांचं तर वेगळंच. एक खाणारा माणूस ते चार खातो, आणि खव्यातली चरबी काही फ्री नसते.

नवऱ्याशी मात्र माझं मिटलेलं नाही. तो म्हणतो, “उसाच्या बिलावर तुझी ती दवाखान्यातली खुर्ची आली, आणि तिच्यावर बसवून तू लोकांना साखर खाऊ नका सांगतेस.” खुर्ची खरंच उसाच्या बिलावर आली, त्याचं कर्ज मी कधी फेडणार आहे कुणास ठाऊक. पण त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला पटली आणि तिने माझं उरलंसुरलं जुनं मतही ढिलं केलं. तो म्हणाला, कारखान्यातून निघणाऱ्या साखरेचा मोठा वाटा घरात येतच नाही. तो शीतपेयांच्या, बिस्किटांच्या, आइस्क्रीमच्या कंपन्यांकडे जातो. संक्रांतीच्या हलव्याने उसाचा भाव चढत नाही आणि तू हलवा बंद केलास तर पडतही नाही. मग तुझं भांडण हलव्याशी का? मी उत्तर दिलं नाही. पण त्या वर्षी सभासदाची साखर आली तेव्हा निम्मी आम्ही ओळखीच्या दुकानदाराला देऊन टाकली. सासूबाईंना ते आवडलं नाही. घरातली साखर बाहेर देणं त्यांना अशुभ वाटलं. हलव्यापुरती मात्र त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली होती, बाईंना माझा संशय होताच.

आणि 15 ऑगस्टची जिलेबी! साताऱ्यात त्या सकाळी झेंडावंदन झालं की रस्तोरस्ती कढया लागतात, माणसं रांगेत उभी राहून गरम जिलेबी घेऊन घरी जातात. सांगली-मिरजेकडेही तेच, आणि 26 जानेवारीलाही तेच. मी पूर्वी याला ‘राष्ट्रीय मूर्खपणा’ म्हणायचे. आता मला तो साखर खाण्याचा सगळ्यांत समंजस प्रकार वाटतो. सकाळी तळली, न्याहारीत सगळ्यांनी मिळून खाल्ली, दुपारपर्यंत उरली तर मऊ पडते आणि मग कुणी हात लावत नाही. त्या पदार्थालाच मुदत आहे. मैदा, तूप, पाक, सगळं वाईट. पण वर्षातून दोन सकाळी. यंदा मी स्वतः रांगेत उभी होते. पुढे माझाच एक पेशंट होता, मला पाहून त्याने पिशवी पाठीमागे लपवली.

या वर्षी सांगलीजवळच्या एका शाळेने संक्रांतीच्या आधी मला पुन्हा बोलावलं, विषय तोच. मी वाढदिवसाच्या चॉकलेटांपासून सुरुवात केली, कारण वर्गात पन्नास मुलं म्हणजे शाळेच्या वर्षात जवळजवळ आठवड्याला एक वाढदिवस. पूर्वी मी ती बंद करायला सांगितली असती. आता सांगितलं, वाटा, पण मधल्या सुट्टीत डबा झाल्यावर, वर्गशिक्षकांनी स्वतःच्या हाताने एकेक, आणि मग चूळ भरायची. एक बाई म्हणाल्या, “मॅडम, डब्यानंतर पोरं मैदानात पळतात, एक जागेवर सापडत नाही. प्रार्थना झाली की वर्ग शांत असतो म्हणून तेव्हा वाटतो.” हे मला सुचलंच नव्हतं, दाताच्या दृष्टीने प्रार्थनेनंतरची वेळ वाईट, शिस्तीच्या दृष्टीने चांगली. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. मग सहावीतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, “आठवडाभर साठवून शनिवारी जेवणानंतर सगळी एकदम खाल्ली तर चालतील?” मी हो म्हणाले, आणि दात घासून झोपायचं, असंही म्हणाले. मागे बसलेल्या त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं ते पाहून मी घाईने पुढे जोडलं की साठवायची डबी आईने द्यायची आणि तीत मावतील तेवढीच. कार्यक्रम संपल्यावर आई जवळ आली. “डबी केवढी घेऊ?” मी म्हटलं, काडेपेटीएवढी. तिच्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, “छोटी की मोठी काडेपेटी?”